पोरांना डी अँड डी शिकवायचंय? मग आधी एडिशन ठरवा

दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला पोरं जमली की दोन दिवस किल्ला करण्यात जातात आणि तिसऱ्या दिवशी "मामा आता काय खेळायचं" सुरू होतं. मागच्या वर्षी मी ठरवलं की ह्यांना डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) शिकवू, म्हणजे एक जण गोष्ट सांगतो आणि बाकीचे एकेक पात्र होऊन फासे टाकत खेळतात तो गेम, चार पोरं, नऊ ते बारा वयाची. आणि मी कॉलेजला असताना जी एडिशन (नियमांची आवृत्ती) खेळायचो तीच काढली, ३.५, म्हणजे २००३ ची. नुसती कॅरेक्टर (पात्रं) बनवण्यात आख्खी दुपार गेली, कारण त्यात प्रत्येकाला स्किल पॉइंट (कौशल्यांचे गुण) वाटायचे, फीट (खास करामती) निवडायचे, आणि दर दोन मिनिटांनी "म्हणजे काय?" आलं की मी परत पुस्तकात. पहिला राक्षस यायच्या आधीच दोघं सायकली घेऊन पसार. मला ती एडिशन अजूनही प्रचंड आवडते, पण नवीन पोरांना तिच्यापासून सुरुवात करून देऊ नका.

तेव्हापासून मी एकच टेस्ट लावतो. पुस्तक बंद करायचं आणि पोराने स्वतःच्या पाळीला काय करायचं ते दहा मिनिटांत मराठीत सांगून बघायचं. पुस्तकं सगळी इंग्रजीत, ती वाचणार तुम्ही, पोरं तुमचं ऐकूनच खेळणार, त्यामुळे जी एडिशन तुमच्या तोंडून सरळ मराठीत येते ती घ्यायची.

जुन्या एडिशन ह्या टेस्टमध्ये अर्ध्या पास होतात. गेम १९७४ ला आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा, आणि पुढं नवशिक्यांसाठी बेसिक नावाने सेट निघाले. १९८१ च्या बेसिकचं पुस्तक फक्त ६४ पानांचं आहे, त्यात एल्फ हाच एक क्लास (पात्राचा प्रकार), ड्वार्फ हाच एक क्लास, म्हणजे एक शब्द निवडला की झालं, तीन फासे सहा वेळा टाकले की पाच-दहा मिनिटांत कॅरेक्टर तयार. हे मला फार भारी वाटतं. पण जादूगाराला पहिल्या लेव्हलला दिवसाला एकच मंत्र मिळतो, हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) चार बाजूंच्या फाशावर, आणि शून्य झाले की मेला, विषय संपला. माझ्या भाचीने मंत्र पहिल्याच खोलीत वापरला, मग नुसती बसून राहिली आणि तिसऱ्या खोलीत मोठ्या उंदराने तिला मारलं. ती काही बोलली नाही पण डोळे भरले होते, आणि ते मला अजून आठवतं. नऊ वर्षांच्या पोराला कॅरेक्टर मरणं खेळातलं वाटत नाही, खरं वाटतं.

दुसरी अडचण हिशोबाची. जुन्या नियमांत आर्मर क्लास (त्याला वार लागणं किती अवघड तो आकडा) जितका कमी तितकं चांगलं, दुसऱ्या एडिशनमध्ये (१९८९) थॅको म्हणून एक आकडा असतो त्यातून समोरच्याचा आर्मर क्लास वजा करायचा, आणि तो मायनसमध्ये पण जातो. पाचवीतल्या पोराला हे सांगत बसलात की तो खेळ न राहता गणिताचा तास होतो. २००० साली तिसरी एडिशन आली तेव्हा हे सरळ झालं, फासा टाका, बोनस मिळवा, समोरच्या आकड्याएवढा किंवा जास्त आला की लागला.

चौथी (२००८) नकाशावर चौकोन मोजत खेळायची, पॉवर (प्रत्येकाच्या खास चाली) समोर लिहिलेल्या असतात, बुद्धिबळवाल्या पोरांना आवडू शकते, पण आमच्यात एकच मारामारी तासभर चालली.

म्हणून माझं उत्तर पाचवी एडिशन, आणि त्यातही २०१४ चे फुकटचे बेसिक रूल्स. पीडीएफ आहे, त्यात चारच वंश, माणूस एल्फ ड्वार्फ हाफलिंग, आणि चारच क्लास, फायटर (लढवय्या), क्लेरिक (बरं करणारा पुजारी), रोग (चोरटा) आणि विझार्ड (जादूगार). नवीन पोराला एवढंच पुरे, चाळीस पर्याय ठेवले तर निवडण्यातच जीव जातो. विझार्डला छोटे मंत्र कितीही वेळा वापरता येतात म्हणजे कोणी रिकामं बसत नाही. हिट पॉइंट शून्य झाले तर शक्यतो लगेच मरण नाही, दर पाळीला वीसचा फासा टाकायचा, दहा किंवा वर आलं की पास, तीन पास झाले की वाचला, तीन नापास झाले की गेला, आणि मधेच क्लेरिकने बरं केलं तर उठून उभा. आमच्याकडं ह्या फाशाला आख्खं घर गोळा होतं, आजीसकट. परिस्थिती फायद्याची असेल तर दोन फासे टाकून मोठा धरायचा, हा नियम तर सांगावाच लागत नाही.

२०२४ ची नवी पुस्तकं पण चांगली आहेत, पण त्यात फायटरला पहिल्याच लेव्हलला शस्त्रांच्या जादा करामती लक्षात ठेवायला लागतात. एवढं सांभाळा, टेबलावर एकाकडं २०१४ आणि दुसऱ्याकडं २०२४ असं नको, पोरं लगेच "त्याला का आणि मला का नाही" म्हणून भांडतात.

सात-आठ वर्षांच्या आतलं पोर असेल तर एडिशनच्या फंदातच पडू नका, हिरो किड्ससारखा साध्या सहाच्या फाशांवरचा गेम बघा.

कॅरेक्टरची शीट आधी तुम्हीच भरून ठेवा आणि त्यातले सहा गुण मराठीत लिहा: ताकद, चपळाई, दम, बुद्धी, शहाणपण, छाप. पोरांनी फक्त नाव आणि शस्त्र ठरवायचं. वीस बाजूंचा फासा मला गावात दिसला नाही, सात फाशांचा सेट ऑनलाइन मागवला, तो येईपर्यंत डब्यात एक ते वीस चिठ्ठ्या टाकून चालवलं. किल्ल्यावरचे मावळे उचलून तेच मोहरे केले. आणि पहिली गोष्ट ओळखीच्या जागेची घ्या, मी किल्ल्याखालच्या भुयाराची घेतली, खिडकीतून अजिंक्यतारा दिसतोच त्यामुळे वर्णन करायला लागलंच नाही.

तिसऱ्या लेव्हलपर्यंत ह्याच फुकटच्या नियमांवर चालवा. आता भाची म्हणतेय तिला रेंजर व्हायचंय, धनुष्यबाण घेऊन जंगलात हिंडणारी, आणि तो क्लास बेसिक रूल्समध्ये नाही. म्हणून आता मोठं प्लेअर्स हँडबुक मागवतोय, २०१४ चंच.