टँकरच्या जीपीएस नोंदींतील बनावट संकेत ओळखताना या चुका टाळा

मराठवाड्यात उन्हाळ्यात टँकरच्या खेपा जीपीएसच्या नोंदींवरून तपासल्या जातात. त्यामुळे खोटी नोंद खरी मानली गेली, तर एखादी वस्ती पाण्यावाचून राहते आणि खरी नोंद खोटी ठरवली, तर चालकाची मजुरी विनाकारण कापली जाते. दोन्ही बाजूंनी नुकसान गरिबाचेच होते, म्हणून ही तपासणी घाईत उरकू नये.

सर्वांत जास्त आढळणारी चूक म्हणजे नकाशावर गाडीने उडी मारलेली दिसताच चालकाला दोषी धरणे. कन्नडच्या घाटात किंवा बालाघाटच्या डोंगरातल्या रस्त्यांवर मोबाइलची रेंज गेली, की एआयएस १४० या वाहनांच्या मागोवा यंत्रांसाठीच्या भारतीय मानकाचे यंत्र नोंदी स्वतःजवळ साठवते आणि रेंज आल्यावर त्या एकदम पाठवते. अशा नोंदींवर थेट नोंदीचे ‘एल’ हे अक्षर नसून जुन्या नोंदीचे ‘एच’ असते. त्या सर्व्हरवर पोहोचल्याच्या वेळेनुसार न लावता यंत्राने नोंदवलेल्या वेळेनुसार लावल्या, की बहुतेक उड्या नाहीशा होतात.

याच्या उलट चूक अधिक धोक्याची आहे: रेषा सरळ आणि स्वच्छ दिसते म्हणून ती खरी मानणे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर असल्याने त्यांचा संकेत जमिनीवर येईपर्यंत इतका क्षीण होतो, की गाडीत ठेवलेले, खोटे संकेत पाठवणारे लहानसे प्रक्षेपकही त्याला सहज दाबून टाकते. म्हणून यंत्रातील प्रत्येक उपग्रहाच्या संकेताची ताकद स्वतंत्रपणे पाहावी. उघड्या माळावर डोक्यावरचा उपग्रह साधारण ४५ डीबी-हर्ट्झ (संकेताच्या ताकदीचे माप) दाखवतो, तर क्षितिजाजवळचा ३० ते ३५ च्या आसपास असतो. एखाद्या टँकरच्या नोंदीत आठही उपग्रह ४४, ४५, ४४, ४४ असे एकाच पातळीवर दिसले आणि गाडी वळली तरी ते आकडे हलले नाहीत, तर सर्व संकेत एकाच ठिकाणाहून येत असल्याचा दाट संशय घ्यावा. माझ्या मते नकाशापेक्षा हा तक्ता कितीतरी बोलका असतो.

तरीही केवळ एका खुणेवर निष्कर्ष काढू नये. नकाशावरचे अंतर ओडोमीटरशी, इग्निशन सुरू असल्याची वेळ वेगाशी आणि ठिकाण मोबाइल टॉवरच्या क्षेत्राशी जुळते का, हे पाहावे. विहिरीवर इंजिन बंद असताना गाडी चाळीसच्या वेगाने गावाकडे जाताना दिसत असेल, तर चालकाच्या जबाबाआधी यंत्राची तपासणी व्हायला हवी. पत्र्याच्या शेडखाली उभी गाडी काही मीटर सरकलेली दिसणे मात्र नेहमीचेच आहे.

तारीख जवळपास वीस वर्षे मागे गेली, तर तीही फसवणूक नसू शकते, कारण जीपीएसचा आठवड्यांचा मोजणीक्रम १०२४ आठवड्यांनी शून्यावर येतो आणि ६ एप्रिल २०१९ च्या रात्री तो तसा आल्यावर जुन्या यंत्रांत असा घोटाळा झाला होता.

फोनवरील ॲपने मागोवा घेत असाल, तर बनावट ठिकाण दाखवणाऱ्या ॲपचीही शक्यता तपासावी.

संशय आला की अनेक जण पहिल्यांदा यंत्र बंद करून पुन्हा सुरू करतात. त्यामुळे उपग्रहांच्या ताकदीचे तात्पुरते आकडे पुसले जाऊ शकतात. आधी त्या नोंदी उतरवून घ्याव्यात आणि मगच यंत्राला हात लावावा.