जव्हार-मोखाड्यातली वाडी: कलमं लावण्याआधी उन्हाळ्याचं पाणी पाहा

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो आणि होळी झाली की बायकांच्या डोक्यावर हंडे चढतात. भात-नागली घरात आली, दिवाळी सरली की अर्धा पाडा वीटभट्टीवर नाहीतर नाशिककडे द्राक्षबागेत जातो. जूनमध्ये लावलेलं कलम पावसात सहसा मरत नाही. ते मरतं फेब्रुवारी ते मेमध्ये, घराला कुलूप असताना. म्हणून यंदा वाडी, म्हणजे घरची छोटी फळबाग, लावणाऱ्यांनी आधी ठरवावं, उन्हाळ्यात घरी कोण राहणार आणि पाणी कुठून आणणार.

वाडीची पद्धत बाएफ या ग्रामविकास संस्थेने 1982 मध्ये पलीकडे गुजरातेत, वांसदा भागात सुरू केली. एकरभर वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन, त्यात आंबा-काजू, मधल्या पट्ट्यात नागली, वरई, उडीद आणि कडेने जंगली झाडं. 10 बाय 10 मीटरवर एकरात 40 आंबे बसतात. पाणी जवळ नसेल तर चाळिसाचा हट्ट धरू नका. वीस लावा, पण विसाच्या वीस जगवा. अनुदानाचे पुढचे हप्तेही जिवंत झाडं मोजूनच मिळतात.

खड्डे राहिले असतील तर मृगाआधी उरका. आंब्याला मीटरभर लांब, रुंद, खोल. वरची काळसर माती एकीकडे काढा, खालचा मुरूम दुसरीकडे. भरताना वरची माती, दोन-तीन घमेली कुजलेलं शेणखत, किलोभर सिंगल सुपर फॉस्फेट आणि वाळवीसाठी किलोभर निंबोळी पेंड घाला. मुरूम उताराच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती बांधासाठी वापरा. ओळी उताराला आडव्याच हव्यात, नाहीतर पहिल्या मोठ्या सरीतच खत ओढ्याला जातं.

दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती बसली की लागवड करा. खड्डा वीतभर उंच भरा, आपल्याकडच्या पावसात खोलगट खड्ड्याचं डबकं होतं. पिशवी ब्लेडने चिरा, मुळांभोवतीची माती फुटू देऊ नका. कलमाचा जोड जमिनीच्या वर राहू द्या. जोडाखालून फुटवा आला की लगेच खुडा. तो वाढला तर केशरच्या जागी रायवळ आंबा खाल.

कडेला गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा. मनगटाएवढ्या जाडीची, कंबरभर लांब छाटं जूनमध्ये हात-हात अंतरावर रोवली की झालं. पुढच्या वर्षीपासून त्याचा पाला चिखलणीच्या वेळी खाचरात गाडता येतो, युरियाची गोणी थोडी हलकी होते. दुसरा फायदा जंगलाचा. राबासाठी, म्हणजे भाताची रोपं काढायची जागा पाला-फांद्या जाळून भाजण्यासाठी, दर उन्हाळ्यात ऐनाच्या फांद्या तोडून झाडांचे नुसते खुंट उरले आहेत. गादीवाफ्यावर शेणखत घालून रोपं काढली आणि खाचराला बांधावरचा पाला मिळाला, तर राब भाजायची गरजच उरत नाही. जुनी माणसं लगेच ऐकणार नाहीत. एक वाफा शेजारी करून दाखवा. बांबूही कडेला चालतो, पण आंब्यापासून लांब.

आंबा चार-पाच वर्षं पैसे देत नाही, आणि गरिबाची वाडी तिथेच मोडते. त्यासाठी घराजवळ, सांडपाणी पोचेल अशा तुकड्यात मोगरा लावा. त्याचा मुख्य बहर उन्हाळ्यात, म्हणजे नेमका घराला कुलूप असायच्या दिवसांत येतो. विक्रमगड-जव्हारचा मोगरा दादरच्या फूलबाजारात जातोच. रोज पहाटे कळी खुडायची तर कोणीतरी घरी राहावं लागतं, आणि जो राहतो तो कलमांनाही पाणी घालतो.

महाराष्ट्रात फळबाग 1990 पासून रोजगार हमीला जोडलेली आहे. वनहक्काच्या पट्ट्यावरही लागवड करता येते. खड्ड्यांची मजुरी तुमच्याच घरात यायला हवी, त्यामुळे काम सुरू करण्याआधी ग्रामपंचायतीत मागणी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी आश्वासनावर खड्डे खणू नका.

पाऊस उघडला की ऑक्टोबरात खोडाभोवती पेंढ्याचं आच्छादन घाला, वरून पाटीभर माती. प्रत्येक कलमाशी बुडाला भोक पाडून चिंधी ओवलेलं मडकं पुरा. आठवड्यातून एक-दोनदा भरलं तरी ओल टिकते. भात निघाल्यावर गुरं मोकाट सुटतात, त्याआधी काटेरी कुंपण व्हायला हवं. आणि जानेवारीतच वाडीभोवती दहा फूट गवत कापून जाळपट्टा काढा, वणवा हद्द विचारून येत नाही.