बायोडिझेलचा साबण झाला? आधी बियाण्याकडे बघा

तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा (सोडियम हायड्रॉक्साइड) मिसळला की बायोडिझेल वर येतं आणि ग्लिसरीन तळाशी बसतं. पण भांड्यात इंधनाऐवजी घट्ट, फेसाळ लगदा तयार झाला की बहुतेक जण कॉस्टिक सोड्याला किंवा मिथेनॉलला दोष देतात. चूक बऱ्याचदा त्याच्या कितीतरी आधी, पीक निवडताना किंवा मळणीनंतर झालेली असते.

नुसता तेलाचा टक्का बघून पेरणी

एरंडीच्या बीत निम्म्याच्या आसपास तेल असतं, म्हणून मोह होतो. पण त्यातल्या रिसिनोलिक आम्लामुळे तयार बायोडिझेलही फार दाट राहतं. नुसतं वापरलं तर इंजेक्टरला, म्हणजे इंजिनात इंधन फवारणाऱ्या भागाला, झेपत नाही. जवसाचं तेल हवेत सुकून चिवट पापुद्रा धरतं. रंगकामात हा गुण, इंधनाच्या टाकीत हाच दोष. सूर्यफुलाचं इंधन चालतं, फक्त लवकर संपवावं. भुईमुगाचं थंडीत लवकर गोठू लागतं. मोहरी त्यातल्या त्यात निर्धोक. जट्रोफा पडीक जमिनीत आपोआप भरघोस येतो, यावर विश्वास ठेवू नका. झाड जगतं, पण पाणी आणि खत न मिळाल्यास बी जेमतेम येतं. शिवाय एरंड आणि जट्रोफा, दोन्हींची पेंड विषारी. जनावरांपुढे अजिबात टाकू नका.

हिशेबही आधी करा. समजा ४ क्विंटल सूर्यफूल निघालं आणि बीत ४०% तेल आहे. म्हणून १६० किलो तेल हाती येईल असं नाही. छोट्या घाण्यात बरंच तेल पेंडीत राहतं. १२०-१३० किलो, म्हणजे साधारण १३०-१४० लिटर मिळालं तरी चांगलं.

ओलं बी, खवट तेल

खरी गोम इथे आहे. सूर्यफुलाचं बी ८-९ टक्क्यांपेक्षा जास्त ओलाव्यानं पोत्यात भरलं की ते तापतं, बुरशी धरते आणि तेलातली मेदाम्लं सुटी होऊ लागतात. ही सुटी आम्लं कॉस्टिकशी मिळून साबण करतात आणि कॉस्टिकही खाऊन टाकतात. तेलात पाणी असेल तर साबणाला आणखी जोर चढतो. फुटकं, किडकं बी वेगळं काढा आणि बाकीचं पेरायच्या बियाण्याइतक्याच काळजीनं वाळवा.

तेल काढल्यावर गाळ बसू द्या, मग वरचं निवळ तेल १०० अंशांच्या थोडं वर, तडतड थांबेपर्यंत तापवा. नंतर ते ५५ अंशांपर्यंत उतरल्याशिवाय मिथेनॉल घालू नका. मिथेनॉल सुमारे ६५ अंशांना उकळतं, वाफ पेट घेते आणि ज्वाला दिवसाउजेडी नीट दिसतही नाही. हे काम स्वयंपाकघरात करू नका; उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालूनच करा. कॉस्टिक ॲल्युमिनियम खातो, त्यामुळे ते भांडं बाद.

अंदाजानं कॉस्टिक

ताज्या, चांगल्या तेलाला लिटरमागे सुमारे ३.५ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड आणि २०० मिली मिथेनॉल हे प्रमाण धरतात. जुन्या तेलाला ते पुरत नाही. टायट्रेशन करा, म्हणजे तेलातल्या सुट्या आम्लांना किती कॉस्टिक लागतं ते मोजा. १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात १ ग्रॅम कॉस्टिक विरघळवा. १ मिली तेल १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मिसळून फिनॉल्फ्थॅलिनचे (रंग बदलून दाखवणाऱ्या रसायनाचे) दोन थेंब टाका आणि गुलाबी रंग टिकेपर्यंत ते द्रावण थेंबथेंब सोडा. जितके मिली लागले, तितके ग्रॅम कॉस्टिक लिटरमागे जादा. आकडा ३-४ च्या पुढे गेला तर कॉस्टिक वाढवत बसू नका. करंजाच्या तेलात हे बऱ्याचदा होतं. त्याला आधी आम्लाची प्रक्रिया लागते.

धुताना पांढरं झालं

बायोडिझेल पाण्यानं धुताना मिश्रण पांढरं झालं तर जोरात ढवळलं हे कारण असतंच, पण अर्धवट राहिलेली प्रक्रिया हे मोठं कारण. म्हणून ग्लिसरीन काढल्यावर, धुण्याआधी, ३ मिली इंधन २७ मिली मिथेनॉलमध्ये हलवून ठेवा. तळाशी तेल बसलं तर थोडं मिथेनॉल-कॉस्टिक घालून प्रक्रिया पुन्हा करा. पांढरं झालेलं मिश्रण कोमट करून मिठाचं पाणी घातलं की बहुधा सुटतं.

गाडी बंद पडली

पहिल्या काही टाक्यांनंतर इंजिन अडखळलं तर फिल्टर उघडा. बायोडिझेल टाकीतला जुना गाळ सोडवतं आणि तो तिथे येऊन अडकतो. नैसर्गिक रबराच्या नळ्याही त्यानं फुगतात, मऊ पडतात. त्या व्हायटॉनच्या (एका कृत्रिम रबराच्या) बसवा.