शालिमार ते सीबीएस : गाडी उचलली जाऊ नये आणि उचललीच तर त्रास वाढू नये, यासाठी या चुका टाळा

नाशिकच्या मध्यवर्ती भागात गाडी उभी करण्याची अडचण मुळात जागेची आहे, हे आधीच मान्य केले पाहिजे. शालिमार, मेन रोड, रविवार कारंजा, महात्मा गांधी रोड आणि सीबीएस (मध्यवर्ती बसस्थानक) हा परिसर तसा पायी फिरण्याजोगा. पण जिल्हा न्यायालय, जिल्हाधिकारी कार्यालय, बसस्थानके, कापड बाजार, सराफ बाजार आणि वकिलांची कार्यालये अशी सगळी कामाची ठिकाणे याच भागात एकवटलेली आहेत. त्यातच ज्या इमारतींच्या नकाशात तळघरात वाहनतळ दाखवलेला असतो, तिथे प्रत्यक्षात गोदाम किंवा गाळे थाटलेले दिसतात आणि त्या इमारतीत येणाऱ्यांची वाहने रस्त्यावर येतात. त्यामुळे क्रेन दिसली की नाशिककराचा पारा चढतो, यात नवल नाही. तरीही उचलल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांच्या बाबतीत चालकाने जागेचा किंवा नियमाचा चुकीचा अंदाज बांधलेला असतो, आणि गाडी गेल्यानंतरचा मनस्ताप तर दंडाच्या रकमेपेक्षा चालकाच्या अपुऱ्या तयारीमुळेच अधिक वाढतो.

पाटी नाही, म्हणजे परवानगी आहे, असे धरून चालणे

ही सर्वांत मोठी चूक आहे. ‘इथे नो पार्किंगची पाटी कुठे आहे?’ हा प्रश्न टोइंगच्या कर्मचाऱ्यांना दिवसभर ऐकावा लागतो, आणि काही ठिकाणी तो रास्तही असतो. परंतु मोटार वाहन चालन विनियम, २०१७ नुसार अनेक जागा अशा आहेत की जिथे पाटी असो वा नसो, गाडी उभी करता येत नाही. पदपथ, पादचाऱ्यांसाठीचे झेब्रा पट्टे, चौकाचे तोंड, पूल, बसथांबा, शाळेचे किंवा रुग्णालयाचे प्रवेशद्वार, कोणाच्याही आवाराचे फाटक, आणि आधीच उभ्या असलेल्या वाहनाला समांतर अशी दुसरी रांग, या साऱ्या जागा त्यांत मोडतात. महात्मा गांधी रोडवर मोबाइलच्या दुकानांसमोर दुचाकींच्या रांगेबाहेर मोटार लावून इंडिकेटर चालू ठेवण्याची जी पद्धत पडली आहे, ती नेमकी दुसऱ्या रांगेतली आहे. लुकलुकणारा इंडिकेटर म्हणजे परवाना नव्हे.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२७ विषयीही एक गैरसमज फार रुजलेला आहे. या कलमात ‘दहा तास’ असा उल्लेख असल्यामुळे दहा तासांच्या आत गाडी उचलताच येत नाही, असे काही जण ठामपणे सांगतात. प्रत्यक्षात दहा तासांची अट सार्वजनिक जागी बेवारस किंवा दुर्लक्षित सोडलेल्या वाहनासाठी आहे. जिथे वाहन उभे करण्यास मनाई आहे, तिथे ते किती वेळ उभे होते हा प्रश्नच येत नाही; त्या हद्दीतील गणवेशातील पोलीस अधिकारी ते हलवण्यास किंवा त्याच्या चाकाला जॅमर लावण्यास परवानगी देऊ शकतो, आणि हलवण्याचा खर्च दंडाव्यतिरिक्त मालकाकडून वसूल होतो.

पाटी असली तरी ती अर्धवट वाचणे

निळ्या वर्तुळाला लाल कडा आणि त्यावर एकच तिरपी लाल रेघ असेल, तर तिथे वाहन उभे करून जाण्यास मनाई असते. त्याच वर्तुळावर दोन रेघांची फुली असेल, तर थांबण्यासही मनाई असते. म्हणजे चालक आत बसून आहे आणि इंजिन चालू आहे, ही सबब तिथे चालत नाही. पाटीखालचा बाण मनाई कोणत्या दिशेला लागू आहे ते दाखवतो, आणि पाटीच्या पुढे गाडी लावली की सुटलो, असे समजणारे बहुधा हा बाण पाहतच नाहीत. सम-विषम तारखांची पाटी असलेल्या रस्त्यावर आणखी एक खाच असते: रात्री योग्य बाजूला लावलेली गाडी मध्यरात्री तारीख बदलताच चुकीच्या बाजूची ठरते. रात्री उशिरा गावाहून आलेल्या पाहुण्यांच्या गाड्या सकाळी अशा सापडतात.

सणावाराच्या दिवशी नेहमीचा अनुभव बाजूला ठेवावा. गणेश विसर्जन मिरवणूक, रंगपंचमीच्या रहाडी (रंगाच्या पाण्याचे हौद), पंचवटीतील कामदा एकादशीचा रथोत्सव किंवा नवरात्रातील कालिकामातेची यात्रा अशा वेळी पोलीस आयुक्तालयाकडून तात्पुरती अधिसूचना काढली जाते आणि एरवी मोकळा असलेला रस्ता त्या दिवसापुरता प्रतिबंधित होतो. ही अधिसूचना आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत छापून येते. रस्त्यावर मात्र दोन बॅरिकेड आणि एखादा फलक एवढाच तिचा पुरावा असतो. सिंहस्थाच्या काळात तर असे बदल वारंवार होणार, हे गृहीत धरावे.

‘महिनाभर क्रेन दिसली नाही’ यावर भरवसा ठेवणे

शहरातील टोइंग कधी जोरात, कधी थंड, अशा रीतीने चालते. काही आठवडे क्रेन फिरकली नाही की त्याच जागी गाड्यांची रांग लागते, आणि मग रांग आहे म्हणजे चालत असावे, अशा समजुतीने पुढची गाडी लागते. प्रतिबंधित जागा मात्र या काळात बदललेली नसते. शिवाय क्रेन नसली तरी वाहतूक पोलीस गाडीचे छायाचित्र काढून ई-चलान करू शकतात, त्यामुळे गाडी जागेवर मिळाली म्हणजे दंड झाला नाही, असेही समजू नये. महाराष्ट्रात अशा साध्या उल्लंघनासाठी पहिल्या वेळी ५०० रुपये आणि पुन्हा तेच घडल्यास १,५०० रुपये दंड आहे. म्हणजे सवयीने चुकीच्या जागी गाडी लावणाऱ्याला दुसऱ्या वेळेपासून तिप्पट भुर्दंड बसतो.

याच प्रकारातली दुसरी चूक म्हणजे ‘दोनच मिनिटांत येतो’ म्हणून घरातील वृद्ध व्यक्तीला किंवा मुलांना गाडीत बसवून जाणे. माणूस आत असला की गाडी उचलत नाहीत, हा त्यामागचा हिशेब असतो. परंतु चालकाच्या जागेवर परवानाधारक व्यक्ती नसेल तर गाडी हलवून घेण्याची सोय उरत नाही, चलान व्हायचे ते होतेच, आणि भर उन्हात काचा बंद असलेल्या गाडीत बसलेल्या आजींना टोइंगवाल्यांशी वाद घालावा लागतो तो वेगळाच.

गाडी कशी उचलतात, हे माहीत नसणे

मोटार उचलताना क्रेनचा लोखंडी आडवा दांडा गाडीखाली सरकवतात, दोन चाके त्याच्या खोबणीत अडकवून पट्ट्याने आवळतात आणि हायड्रॉलिकवर ती बाजू वर घेतात. उरलेली दोन चाके रस्त्यावर फिरत राहतात. बहुतेक छोट्या मोटारींत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना मिळते आणि हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो. गाडी पुढून उचलली आणि हँडब्रेक ओढलेला असला, तर मागची चाके फिरण्याऐवजी घासत जातात. स्वयंचलित गिअरची गाडी ‘पी’ (पार्किंग) मध्ये असताना मागून उचलली, तर पुढची जखडलेली चाके ओढली जातात आणि गिअरबॉक्सला इजा होऊ शकते. चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी किंवा विजेवर चालणारी मोटार चालती चाके रस्त्यावर ठेवून ओढणे तर उत्पादकांच्या पुस्तिकेतच निषिद्ध मानलेले असते; ती सपाट ट्रकवर चढवूनच न्यायला हवी.

यावर उपाय म्हणून हँडब्रेक सोडून जाणे हा शुद्ध वेडेपणा ठरेल. रविवार कारंजाकडून गंगेकडे, म्हणजे गोदावरीकडे, उतरणाऱ्या रस्त्यांचा उतार ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे सांगायला नको. शिवाय कलम १२६ प्रमाणे चालक नसलेले वाहन आपोआप हलणार नाही अशी खबरदारी घेणे बंधनकारकच आहे. आपली गाडी स्वयंचलित किंवा विजेची असेल, तर ती प्रतिबंधित जागी लावण्याची जोखीम इतरांपेक्षा मोठी आहे, एवढे लक्षात ठेवावे, आणि क्रेनजवळ वेळेत पोहोचलात तर पहिले वाक्य तेच असावे: ‘साहेब, गाडी ऑटोमॅटिक आहे, चलान करा, मी लगेच काढून घेतो.’ टोइंगचे शुल्क हे गाडी हलवण्याचे शुल्क आहे, त्यामुळे चाके जमिनीवर असताना अशी विनंती करणे योग्यच ठरते.

दुचाकींचे तंत्र वेगळे असते. चार मुले गाडी उचलून ट्रकवर दाटीवाटीने लावतात, आणि त्यात आरसे, क्लचचा दांडा व बाजूचे पत्रे यांना मार बसतो. हेल्मेट हँडलला अडकवून जाणाऱ्यांना ते परत मिळेलच असे नाही.

गाडी जागेवर नाही, हे पाहून गोंधळून जाणे

अशा वेळी पहिला प्रश्न एकच असतो: गाडी उचलली की चोरीला गेली? आजूबाजूचा पानवाला किंवा रसवंतीवाला हे बहुधा सांगू शकतो, कारण क्रेन गुपचूप येत नाही, भोंग्यावर नंबर पुकारत येते. त्यानंतर महाट्रॅफिक अ‍ॅपवर किंवा राज्याच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून नवे चलान दिसते का ते पाहावे, आणि जवळच्या चौकातील वाहतूक पोलिसांना टोइंग केलेल्या गाड्या कुठे ठेवतात ते विचारावे. कुठेच नोंद नसेल तर मात्र वेळ न दवडता ११२ वर कळवावे.

येथे खरी अडचण उभी राहते ती मोबाइल क्रमांकाची. चलानाचा संदेश वाहनाच्या नोंदणीशी जोडलेल्या क्रमांकावर जातो, आणि तो क्रमांक कित्येकदा शोरूमच्या एजंटचा, आधीच्या मालकाचा किंवा केव्हाच बंद पडलेल्या सिमकार्डचा असतो. परिवहन विभागाच्या वाहन पोर्टलवर तो बदलून घेण्याचे काम घरबसल्या होते. ते आजच करावे. गाडी विकलेल्यांनी नमुना २९ आणि ३० भरून हस्तांतरण पूर्ण झाल्याची खात्री करावी, नाहीतर भद्रकालीत दुसऱ्याने लावलेल्या गाडीचा दंड इंदिरानगरात आपल्या नावावर येत राहतो.

दुसरी अडचण कागदपत्रांची. आरसी, विमा, पीयूसी आणि कधीकधी परवानाही डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवलेला असतो, म्हणजे गाडी सोडवण्यासाठी लागणारे कागद गाडीबरोबरच गेलेले असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर डिजिलॉकर आणि एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपमधील कागदपत्रे मूळ प्रतीसारखी ग्राह्य धरली जातात; ती फोनवर आधीच उतरवून ठेवलेली असली, तर घरून कोणाला तरी कागद घेऊन बोलवावे लागत नाही.

सोडवताना घाई करणे

पैसे भरण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारावी. पुढचा-मागचा बंपर, त्याखालचे प्लास्टिकचे आवरण, चाकांच्या कडा, टायरची बाजू आणि सायलेन्सर पाहून फोनवर चित्रीकरण करावे, आणि नुकसान दिसल्यास ते तिथेच लेखी नोंदवून घ्यावे. गाडी घरी नेल्यावर केलेल्या तक्रारीला फारसे वजन राहत नाही. दंड आणि टोइंगचे शुल्क या दोन निरनिराळ्या रकमा आहेत, दोन्हींच्या पावत्या मागाव्यात, आणि क्रेनवरच्या मदतनिसाच्या हातात रोख रक्कम कधीही देऊ नये. ‘दादा, इथेच मिटवून टाका’ हे वाक्य कोणाच्याही तोंडून निघाले तरी ते टाळलेलेच बरे.

रागाच्या भरात क्रेनसमोर आडवे होणे, जॅमर तोडणे किंवा कर्मचाऱ्यांना धक्काबुक्की करणे हे पाचशे रुपयांचे प्रकरण फौजदारी करून ठेवते. सरकारी कामात अडथळा आणणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ खाली, तर लोकसेवकाला रोखण्यासाठी बळाचा वापर करणे हा कलम १३२ खाली गुन्हा आहे. क्रेनवर गणवेशातील पोलीस नाही, असे दिसले तर हुज्जत न घालता क्रेनचा क्रमांक, वेळ आणि जागा यांचे छायाचित्र घ्यावे, कारण कलम १२७ मधील परवानगीचा मुद्दा पुढे तक्रारीत उपयोगी पडतो.

गंगाघाटावरची वेगळी चूक

गौरी पटांगण आणि घाटालगतची मोकळी जागा अनेकांना सोयीची वाटते, आणि उन्हाळ्यात ती तशी आहेही. मात्र पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या पायाशी असलेले पाणी पाहता पाहता वर चढते, आणि घाटावर लावलेल्या मोटारी दोरखंडाने बांधून ठेवण्याची वेळ येते. सराफ बाजार आणि दहीपुलाच्या भागातही मुसळधार पावसात सरस्वती नाल्याचे पाणी दुकानांत शिरते. अशा दिवशी गाडी घरी ठेवून सिटीलिंकच्या शहर बसने सीबीएस किंवा निमाणी बसस्थानकाला उतरणे सोपे जाते. बुधवारी घाटावर बाजार भरतो, तेव्हाही पाण्याशिवायच जागेची हीच अवस्था असते.

चलान चुकीचे असूनही गप्प बसणे, किंवा मिळेल त्या लिंकवर पैसे भरणे

पाटी झाडामागे झाकलेली होती, गाडी मुळात आपली नव्हती किंवा चलानातील छायाचित्रात क्रमांक वेगळाच आहे, अशा प्रकरणांत महाट्रॅफिकवरील तक्रारीच्या पर्यायात छायाचित्रांसह हरकत नोंदवता येते. दंड आधी भरून मग दाद मागणे अवघड जाते, कारण दंड भरणे म्हणजे उल्लंघन मान्य करणे ठरते. हरकत नोंदवताना जागेचे नाव नेमके लिहावे: ‘एम. जी. रोडवर’ एवढे पुरेसे नाही, कोणत्या दुकानासमोर, कोणत्या बाजूला आणि पाटीपासून किती अंतरावर, हे लिहावे आणि पाटी व गाडी एकाच चौकटीत येतील असे छायाचित्र त्याच दिवशी काढावे, कारण आठवड्याने झाड छाटले जाते किंवा पाटी सरळ केली जाते. थकीत चलाने राष्ट्रीय लोक अदालतीत तडजोडीने निकाली काढण्याची संधीही मिळते, आणि त्याच्या तारखा आधी जाहीर होतात.

ई-चलानाच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी ‘एपीके’ (अ‍ॅप बसवणारी) फाइल कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. ती फोनमध्ये बसवली की बँकेचे संदेश परस्पर वाचले जाऊ शकतात. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ ने संपतो. संदेशातल्या लिंकवर न जाता तो पत्ता स्वतः टाइप करून गाडीचा क्रमांक तपासावा, आणि तिथे चलान दिसत नसेल तर तो संदेश खोटा समजून १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावा.