मृगाआधी कुंपण हवं असेल तर सिमेंटच्या खांबांना आत्ताच पाणी पाजा

एप्रिल संपत आला. हरभरा, गहू घरी आला, वावरं मोकळी झाली आणि धुऱ्याधुऱ्यावर तार कुंपणाची बोलणी सुरू झाली आहेत. रानडुकरांनी आणि रोह्यांनी (नीलगायींनी) गेल्या खरिपात काय केलं ते विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. लाकडी खांबाला दोन पावसाळ्यांत उधळी (वाळवी) लागते, लोखंडी अँगल चोरीला जातो, म्हणून सिमेंटचे खांब करायचे हा विचार योग्यच आहे.

पण उन्हाळ्यात ओतलेले आणि पावसाळ्यात मोडलेले खांब मी जिथे जिथे पाहिले, तिथे बहुतेक वेळा एकच चूक निघाली. खांबांना पाणी मारलेलं नव्हतं. सिमेंट चांगलं, सळई घातलेली, मिस्त्रीही जाणता. तरी दुसऱ्या दिवशी साचा काढला, खांब उन्हात रचले, दोन दिवस बादलीने शिंपडलं आणि चौथ्या दिवशी ट्रॉलीत चढवले. मग ऑगस्टमध्ये डुकरांचा कळप तारेला भिडतो, दोन-तीन खांब जमिनीलगत मोडतात, आणि शेंगा भरत आलेलं सोयाबीन सकाळी आडवं झालेलं दिसतं. लोक म्हणतात डुकरं माजली. मोडलेल्या खांबाचा तुकडा हातात घ्या आणि नखाने खरवडा. भुकटी निघाली तर तो खांब एप्रिल-मेमध्येच गेला होता.

आता दिवस मोजा. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. काँक्रीटची ठरलेली ताकद २८ दिवसांनी धरतात. म्हणजे शेवटचा खांब १० मेपर्यंत ओतून झाला पाहिजे. सात दिवसांत साधारण दोन-तृतीयांश ताकद येते, तीही पाणी मिळालं तरच. म्हणून लग्नसराई, मजुरांची अडचण, तारेचा भाव यांचा विचार नंतर करा. खांब आधी ओता.

पाण्याचा एवढा आग्रह का, ते नीट समजून घ्या. सिमेंट वाळून घट्ट होत नाही. पाण्याशी त्याची प्रक्रिया होते आणि त्यातून ते घट्ट होतं. पाणी उडून गेलं की प्रक्रिया तिथेच थांबते. सुरुवातीपासून कोरड्या हवेत राहिलेलं काँक्रीट कायम ओलं ठेवलेल्याच्या निम्म्याच्या आसपास ताकद धरतं. घराचा स्लॅब जाड असतो आणि वरूनच वाळतो. चार इंची खांब चारही बाजूंनी वाळतो. चंद्रपूर-अकोल्याच्या ४४-४५ अंशांच्या उन्हात त्याचा बाहेरचा इंचभर थर पहिल्याच दुपारी कोरडा पडतो. सळईला गंजापासून वाचवणारा थर नेमका तोच. तो कच्चा आणि सच्छिद्र राहिला की हवा आणि ओल आत शिरते, सळई गंजते, गंज फुगतो आणि खांबाला सळईच्या रेषेत उभी चीर पडते. त्या चिरेतून तांबूस ओघळ दिसू लागला की तो खांब फार दिवस टिकत नाही.

आयएस ४५६ या भारतीय मानकात उष्ण आणि कोरड्या हवेत किमान १० दिवस काँक्रीट ओलं ठेवायला सांगितलं आहे. मिश्र (राख वगैरे मिसळलेल्या) सिमेंटला १४ दिवसांची शिफारस आहे. दुकानात बहुतेक वेळा मिळतं ते पीपीसी, म्हणजे मिश्र सिमेंटच. पोत्यावर वाचून घ्या आणि १४ दिवस धरून चाला.

उन्हाळ्यात पाणी आणायचं कुठून, हा प्रश्न खरा आहे. शिंपडण्यात निम्मं पाणी वाफ होऊन जातं, म्हणून शिंपडूच नका, खांब बुडवा. आठ फूट लांब, पाच फूट रुंद, दोन फूट खोल खड्डा करा. शेततळ्याचा उरलेला प्लास्टिक कागद अंथरा. त्यात चार इंची, सात फुटी ४० खांब बसतात आणि वरून सुमारे १४०० लिटर पाणी लागतं. वर पऱ्हाट्या किंवा तुराट्या पसरल्या की पाणी तापत नाही आणि उडतही कमी. रोज संध्याकाळी जेवढं कमी झालं तेवढंच भरा. पहिली खेप निघाली की त्याच पाण्यात दुसरी. एकरभर चौकोनी वावराला दहा-दहा फुटांवर ८५ च्या आसपास खांब लागतात. टेकू धरून शंभर म्हणा. असे दोन खड्डे एका वेळी चालवले तर दोन आठवड्यांत ८० खांब तयार होतात.

खड्डा जमत नसेल तर खांब सावलीत आडवे रचा, बारदाना गुंडाळा, वर प्लास्टिक झाका. पहाटे बारदान्याला हात लावून बघा. कोरडा लागला तर रात्रभर खांब उपाशी राहिला असं समजा.

पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या त्या भागातल्या शेतकऱ्यांनी खास लक्ष द्या. तिथल्या विहिरीचं किंवा बोअरचं खारं पाणी खांब ओतायलाही नको आणि भिजवायलाही नको. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड सळई आतून खातं. सळईच्या काँक्रीटसाठी लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्लोराइड ही मर्यादा आहे. बोअरचं पाणी जिभेला खारट लागत असेल तर तपासणीची वाट न पाहता गोड्या पाण्याचा टँकर बोलवा. खड्ड्याची पद्धत असली की एका टँकरवर बरंच काम निघतं.

दुकानदार इथेच दोन गोष्टी गळ्यात मारतो. एक, पाणी न मारता चालेल म्हणून फवारायचं औषध. मोठ्या रस्त्याच्या कामाला ते ठीक आहे. पण शंभर खांबांच्या चारही बाजूंना ते सारखं बसवायचं म्हणजे खर्च फार, आणि मजूर तेवढ्या निगुतीने फवारत नाही. दुसरी, "तीन दिवसांत पक्का" करणारं द्रावण. अशा काही द्रावणांत कॅल्शियम क्लोराइड असतं, म्हणजे पैसे देऊन खारं पाणीच घातल्यासारखं. खांबाला १४ दिवस पाणी द्या, डबा दुकानातच राहू द्या.

खांब ओतताना (चार इंच बाय चार इंच, सात फूट)
- सिमेंट १ पोतं, रेती दीड माप, १०-१२ मिमी गिट्टी ३ मापं. माप म्हणजे एक पोतं सिमेंट मावेल एवढी ३५ लिटरची पेटी
- पाणी पोत्याला २५ लिटर, फार तर २७; रेती ओली असेल तर त्याहून कमी
- सळई ६ मिमी टीएमटी (स्लॅबला वापरतात ती खाचांची), चार, चार कोपऱ्यांत
- चारही सळयांना बांधणाऱ्या कड्या ३-४ मिमी तारेच्या, दर १५-२० सेंमीवर, जमिनीच्या रेषेजवळ थोड्या दाट
- सळईबाहेर सर्व बाजूंनी २०-२५ मिमी काँक्रीट
- सिमेंट तीन महिन्यांच्या आतलं
- साच्याला तेल, ओतताना सळईने ठोकून हवा काढणे
- माथा उतरता, म्हणजे पाणी साचत नाही

यातल्या दोन गोष्टींवर बोलावंच लागेल. पहिली सळई. खांब दोन फूट जमिनीत आणि पाच फूट वर असतो. वरच्या तारेवर ४० किलोचा रेटा आला की खांब पहारीसारखा काम करतो, आणि जमिनीलगत ताणाच्या बाजूच्या सळयांवर त्याच्या वीसपटीहून जास्त, म्हणजे नऊशे किलोंच्या आसपास ओढ येते. दोन सळयांत वाटली तर प्रत्येकी साडेचारशे. ६ मिमीची फे ५०० दर्जाची टीएमटी सळई सुमारे १४०० किलोपर्यंत ओढ घेते. स्वस्तातल्या खांबात असते ती ३ मिमीची साधी तार २०० किलोंच्या आतच लांबते. रेटा कधी आतून येतो, कधी बाहेरून, म्हणून सळई चारही कोपऱ्यांत हवी. मधोमध एकच सळई घातलेला खांब चीर मोठी होईपर्यंत तिचा उपयोगच करून घेत नाही.

सळई कोपऱ्यात म्हणजे साच्याला चिकटून नव्हे. खाली गोटी किंवा लाकडाची चिपळी ठेवू नका. सिमेंट-रेतीची इंचभर जाडीची बिस्किटं आदल्या आठवड्यात पाडून ठेवा, तीही पाण्यात भिजवून, आणि त्यांच्यावर सळई बसवा.

दुसरी गोष्ट पोत्याचा हिशेब. वरच्या प्रमाणात एका पोत्यात असे पाच-साडेपाच खांब निघतात. कोणी मिस्त्री किंवा खांबवाला म्हणाला की आम्ही पोत्यात दहा-बारा काढतो, तर त्याच्याकडून घेऊ नका. उरलेली जागा रेतीने भरलेली असते. नाल्याची रेती असेल तर काचेच्या बाटलीत रेती आणि पाणी घालून हलवा आणि रात्रभर ठेवा. रेतीवर गाळाचा जाड थर बसला तर ती धुऊन घ्या.

ओतण्याची वेळ संध्याकाळी चारनंतरची ठेवा. आदल्या दिवशी गिट्टीवर पाणी मारून ती सावलीत ठेवा. सकाळी अकराला ओतलेल्या खांबांपेक्षा संध्याकाळच्या खांबांना बारीक भेगा कमी पडतात, हे मला दरवर्षी दिसतं. ओतून झालं की लगेच प्लास्टिक झाका. साचा २४ तासांनी काढा आणि लगेच, त्याच संध्याकाळी, खांब पाण्यात गेला पाहिजे. साचा काढल्यापासून खड्ड्यात जाईपर्यंत तो उन्हात पडून राहिला तर पुढच्या १४ दिवसांनी ती भरपाई होत नाही.

तयार खांब विकत घेणाऱ्यांनी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारावा: कोणत्या तारखेला ओतले आणि किती दिवस पाण्यात होते? खांबावर रंगाने तारीख टाकलेली नसेल तर बोलणं तिथेच थांबवा. सिमेंटच्या कुंपण-खांबांसाठी आयएस ४९९६ हे वेगळं मानक आहे. विक्रेत्याला त्याचं नाव तरी माहीत असावं. पुढच्या खुणा पुस्तकातल्या नाहीत, माझ्या अनुभवातल्या आहेत. हातोडीने हलकं ठोका. खणखणीत आवाज आला तर बरा, बद्द आला तर सोडा. अंगावर तांब्याभर पाणी ओता. घटकाभर ओघळत राहिलं तर ठीक, लगेच शोषलं तर बाहेरचा थर कच्चा आहे. आणि एक खांब विकत घेऊन तिथेच फोडा. सळई किती, कुठे आणि केवढी, ते डोळ्यांनी दिसतं. शंभर खांबांच्या सौद्यात एका खांबाचे पैसे जाऊ द्या.

नेताना खांब मधोमध धरून उचलू नका. सात फुटी खांबाला दोन्ही टोकांपासून दीड-दीड फुटावर धरा. ट्रॉलीतही तिथेच लाकडी ओंडके द्या. वाटेत पडलेली केसभर चीर रोवताना दिसत नाही, पण पावसाचं पाणी तिला शोधून काढतं.

रोवणी
- अंतर ८ ते १० फूट
- खोली २ फूट. काळ्या जमिनीत अडीच, मुरूम लागला तर उत्तम
- खड्डा मुरूम-गिट्टीने थराथराने ठोकून भरणे, काळी माती परत टाकू नये
- कोपऱ्याचे खांब ५-६ इंची, ८ मिमी सळईचे, ८ फुटी, बुडाशी काँक्रीट
- कोपऱ्यांना आणि दर पंधराव्या खांबाला दोन्ही बाजूंनी तिरके टेकू, फाटकाच्या खांबाला एका बाजूने
- खालची तार जमिनीपासून वीतभर. जाळी असेल तर फूटभर गाडणे

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यात रोवलेला खांब दोन वर्षांत कलतो. सगळ्या तारांचा ताण शेवटी कोपऱ्यावर जातो, म्हणून टेकूत काटकसर नको. आणि मे महिन्यात तार तुणतुण्यासारखी ताणू नका. थंडीत ती आकसते, ओढ वाढते आणि कोपऱ्याचा खांब आत झुकतो.

कुंपण झालं की कोणीतरी सुचवतं, रात्री तारेत लाइन सोडा. सोडू नका. थेट विजेच्या करंटने माणसं मेली आहेत, सालदार मेले आहेत, स्वतःच्याच वावरात बाप-लेक मेले आहेत, आणि तो गुन्हाही आहे. सौर कुंपणाचं यंत्र झटका थांबून थांबून देतं. ती वेगळी गोष्ट आहे.

१० मे हुकला तर जूनमध्ये कच्चे खांब रोवायची घाई करू नका. पेरणी करा, यंदापुरती काट्याची वई, जुन्या साड्या आणि रात्रीची जागल यांवर भागवा. खांब जूनमध्ये ओतायचेच असतील तर सरीवर सर येत नाही अशा उघडिपीच्या दिवसांत पाणी थांबवू नका. आभाळ आलं म्हणून खांब आपोआप भिजत नाही. नाहीतर सरळ नोव्हेंबरात ओता. विहिरीला पाणी असतं, ऊन सौम्य असतं, आणि तेव्हा भिजवलेले खांब तुरी-हरभऱ्याच्या राखणीला डिसेंबरच्या शेवटी वावरात उभे करता येतात.