सीईटी आणि कॅप राउंड : विदर्भातल्या गावातून इंजिनिअरिंगला जाताना

एमएचटी-सीईटीचा, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचा, अभ्यास बहुतेक मुलं वेळेत सुरू करतात. कागदपत्रांची धावपळ मात्र निकाल लागल्यावर सुरू होते आणि चांगला पर्सेंटाइल असूनही सीट तिथंच हुकते. म्हणून अकरावीची परीक्षा संपली की दोन्ही कामं सोबतच हाती घ्या.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती जात पडताळणी. जातीचा दाखला तहसीलमधून निघतो, पण राखीव जागेसाठी वैधता प्रमाणपत्र, म्हणजे आपण ज्याला 'व्हॅलिडिटी' म्हणतो ते, वेगळं लागतं. बारावीच्या विद्यार्थ्याचा अर्ज कॉलेजच्या शिफारशीसह जिल्हा जात पडताळणी समितीकडे जातो. अनुसूचित जमातीच्या समित्या वेगळ्या आहेत, त्यांचं ठिकाण आधी विचारून घ्या. अर्ज बारावीच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांतच गेला पाहिजे.

यात खरी मेहनत जुन्या पुराव्याची असते. अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950, जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि ओबीसीसाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीची नोंद शोधायची असते. आपल्याकडे ती दोन ठिकाणी सापडण्याची शक्यता जास्त. एक म्हणजे आजोबा ज्या शाळेत शिकले तिथलं दाखल-खारीज रजिस्टर, आणि दुसरी तहसीलच्या अभिलेख कक्षातली कोतवाल पंजी, म्हणजे गावाची जुनी जन्म-मृत्यूची नोंदवही. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर पंजीवरच भर द्या. जुन्या नोंदीत बरेचदा आडनाव नसतं, फक्त नाव, बापाचं नाव आणि जात असते. ती नोंद तुमच्याच घरची आहे हे वंशावळीच्या शपथपत्रातून जुळवून दाखवावं लागतं. त्यामुळे शपथपत्रात नावं नोंदीत आहेत तशीच लिहा, त्यात आपल्या मनानं सुधारणा करू नका. वडील, काका किंवा चुलतभावाची व्हॅलिडिटी आधीच झालेली असेल तर तिची प्रत सगळ्यात वर लावा, काम बरंच सोपं होतं.

कॅपचा, म्हणजे सीईटीनंतरच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, अर्ज भरताना व्हॅलिडिटीच्या अर्जाची पावती जोडता येते. पण दिलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र आलं नाही तर तुमचा विचार खुल्या प्रवर्गातून होतो. मुदतवाढ मिळेल या भरवशावर राहू नका.

नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्राच्या बाबतीत एक चूक दरवर्षी होते. ज्या वर्षी प्रवेश, त्या शैक्षणिक वर्षाच्या शेवटच्या 31 मार्चपर्यंत ते वैध असावं लागतं. 2026-27 चा प्रवेश असेल तर 31 मार्च 2027 पर्यंत. अकरावीत काढलेलं प्रमाणपत्र फाइलमध्ये पडून असतं आणि त्याची मुदत संपलेली असते. सेतूतून हातात पडल्यावर आधी तारीख वाचा. उत्पन्नाचा दाखला आणि डोमिसाइल त्याच फेरीत काढून घ्या. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि टीसी यांतलं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का तेही तेव्हाच बघा.

आता परीक्षा. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) गटात तीन तासांत 150 प्रश्न, 200 गुण. पहिल्या 90 मिनिटांत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून 100 प्रश्न, प्रत्येकी 1 गुण. ती वेळ संपली की तो भाग बंद होतो आणि गणिताचे 50 प्रश्न उघडतात, प्रत्येकी 2 गुण, त्यालाही 90 मिनिटं. म्हणजे पहिल्या भागात एका प्रश्नाला 54 सेकंद, गणितात 1 मिनिट 48 सेकंद. बोर्डाचा अभ्यास चांगला असूनही मुलं सीईटीत मागं पडतात त्याचं कारण हा वेग. उत्तर येत असतं, पण पाच ओळींची मांडणी करत बसलं की पुढचे चार प्रश्न जातात.

साधारण 80 टक्के प्रश्न बारावीवर आणि 20 टक्के अकरावीवर असतात. अकरावीचे सगळे धडे नसतात, परीक्षा घेणारं सीईटी सेल निवडक धड्यांची यादी देतं. ती छापून भिंतीला लावा आणि तेवढेच धडे पक्के करा. बालभारतीचं पुस्तक ओळ न् ओळ वाचा, विशेषतः केमिस्ट्रीचं. त्यातले तक्ते, अपवाद आणि धड्याखालचे प्रश्न झाल्याशिवाय जाड गाइडला हात लावू नका. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. शेवटची तीन मिनिटं उरलेल्या प्रश्नांवर खुणा करण्यासाठीच ठेवा.

मोबाइलवर टेस्ट देणं आणि माउस धरून स्क्रीनवर तीन तास बसणं यात फार फरक आहे. ज्युनिअर कॉलेजची कॉम्प्युटर लॅब रविवारी उघडून द्यायला सरांना सांगा, आणि निदान आठ-दहा पूर्ण पेपर तिथं बसून सोडवा. कच्चं काम कागदावर, प्रश्न स्क्रीनवर, याची नजरेला सवय व्हावी लागते. परीक्षा एप्रिल-मेच्या उन्हात असते. सकाळची शिफ्ट असेल आणि गावातून पहिली एसटी वेळेत पोचत नसेल तर आदल्या दिवशीच सेंटरच्या गावी मुक्काम करा. दुपारची शिफ्ट असली तरी डोक्याला दुपट्टा आणि पाण्याची बाटली सोबत ठेवा.

अभ्यासाच्या भरात बोर्डाकडे दुर्लक्ष नको. बारावीला पीसीएममध्ये खुल्या प्रवर्गाला किमान 45 आणि राखीव प्रवर्गाला 40 टक्के नसतील तर सीईटीचा पर्सेंटाइल कितीही असो, प्रवेश नाही. नागपूरच्या व्हीएनआयटीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग संस्थेचं, मनात असेल तर तिथं सीईटी चालत नाही, देशपातळीवरची जेईई मेन द्यावी लागते. मात्र तिथल्या निम्म्या जागा महाराष्ट्राच्या मुलांसाठी असतात, तेव्हा तयारी बरी असेल तर ती परीक्षा चुकवू नका.

कॅपचा ऑप्शन फॉर्म

कॉलेज आणि ब्रँचची पसंती क्रमानं लिहायचा हा फॉर्म शांतपणे, घरच्यांसोबत बसून भरा. नेट कॅफेवाल्याच्या हाती सोपवून मोकळं होऊ नका. आधी मागच्या दोन वर्षांच्या कटऑफच्या पीडीएफ उघडा. त्यात जीओबीसीएच, एलओपीईएनएस असे कोड दिसतील. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींची जागा. मधे प्रवर्ग. शेवटी एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी (बारावी झाली त्या भागाचं विद्यापीठ), ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तरीय. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम हे जिल्हे संत गाडगेबाबा विद्यापीठात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठात. चंद्रपूर, गडचिरोली गोंडवानात. वणीची मुलगी चंद्रपूरच्या कॉलेजचा एच कटऑफ बघून खूश होते, पण यवतमाळ जिल्ह्यातून बारावी झाल्यामुळे तिला ओ ची ओळ लागू असते. स्वतःची ओळ ओळखल्याशिवाय यादी करू नका.

क्रम लावताना 'हे मिळणार नाही' म्हणून आवडीचं कॉलेज खाली ढकलू नका. वाटप वरून खाली होतं. वरचा पर्याय बसला नाही तर पुढचा बघितला जातो, त्यामुळे वर मोठं नाव लिहिल्यानं खालची संधी कमी होत नाही. जपायचं ते वेगळ्याच गोष्टीला. 2025-26 पासून चार राउंड झाले आणि ऑटो-फ्रीझचा, म्हणजे मिळालेली सीट आपोआप पक्की होण्याचा, नियम वाढला. पहिल्या राउंडला पहिला पर्याय, दुसऱ्याला पहिल्या तिनांपैकी आणि तिसऱ्याला पहिल्या सहांपैकी कोणताही पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो. नाकारला तर पुढच्या कॅप राउंडमधून बाहेर. म्हणून पहिल्या सहांत भरतीचं एकही नाव नको, जिथं खरंच जायचं तेच लिहा. त्या वर्षीची माहिती पुस्तिका उघडून हा नियम पुन्हा वाचा.

ट्यूशन फी माफीच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या 5 टक्के जागा वेगळ्या असतात. उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर हक्क आहे, पण कोड वेगळा असतो, शेवटी टी असलेला. तो स्वतंत्र भरला नाही तर त्या जागेसाठी नाव जातच नाही. आधी टी चा कोड, लगेच खाली त्याच ब्रँचचा साधा कोड, असं लावा. आणि आठ-दहा पर्यायांवर थांबू नका. जवळच्या कटऑफची पाच-सात, आवाक्यातली पंधरा-वीस आणि खात्रीची दहा तरी हवीत.

कॉलेज निवडताना अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर आणि नागपूरची शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयं आधी बघा. फी कमी असते, आणि पुण्याच्या एखाद्या नवख्या खासगी कॉलेजात राहण्या-खाण्यावर जो पैसा जातो त्यात इथं बरंच शिक्षण होतं. खासगीत जायचं तर त्या ब्रँचला एनबीएचं, म्हणजे अभ्यासक्रमाचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं, मानांकन आहे का ते विचारा, फक्त कॉलेजला नाही. नव्यानं उघडलेल्या एआय-डेटा सायन्सच्या ब्रँचला पूर्णवेळ शिक्षक किती, हे कामाच्या दिवशी स्वतः जाऊन बघा. प्लेसमेंटचा सगळ्यात मोठा पगार सांगतील, तुम्ही त्या ब्रँचच्या किती मुलांना नोकरी लागली ते विचारा. आपल्या तालुक्यातला एखादा सीनिअर शोधा, तो खरं सांगतो.

'मॅनेजमेंटमधून सीट करून देतो' म्हणणारे निकालाच्या आठवड्यात गावोगाव फिरतात. त्यांच्या हाती मूळ कागद देऊ नका. कॅपबाहेरून प्रवेश घेतला तर राजर्षी शाहू शिष्यवृत्तीसारख्या फी सवलतीवर पाणी सोडावं लागतं.

पैशाचा हिशोब आधीच मांडा. प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये होतात, नेमके खत आणि निंदणाचे दिवस. 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी 2024-25 पासून पूर्ण माफ आहे. पण डेव्हलपमेंट फी, होस्टेल आणि मेस राहतेच. प्रवेशाच्या दिवशी नेमके किती रुपये भरायचे, हे कॉलेजच्या ऑफिसात फोन करून लिहून घ्या. महाडीबीटीचा, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवरचा, अर्ज प्रवेशानंतर लगेच भरा. रक्कम आधार जोडलेल्या खात्यातच येते, आणि ती ज्या खात्याला जोडणी असेल तिकडे जाते, अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही. बँकेत जाऊन मुलाच्या आधारला सध्या कोणतं खातं जोडलेलं आहे ते विचारा. ते जुनं, बंद पडलेलं असेल तर अर्जाआधी बदलून घ्या.