स्पायडर प्लांटची टोकं जळतात? नागपूरच्या उन्हाळ्यात या चुका टाळा

एप्रिलच्या शेवटी शेजारच्या काकू कुंडी हातात घेऊन दारात आल्या. "रोज पाणी टाकून राहिली मी, तरी टोकं जळूनच राहिली. उन्हाचंच असंन नं?" कुंडी हॉलच्या आतल्या कोपऱ्यात असायची, तिथे ऊन पोचतच नव्हतं. मी विचारलं, पाणी कोणतं टाकता? कूलरची टाकी साफ करताना निघतं ते, वाया कशाला घालवायचं, म्हणाल्या.

ही आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक आहे आणि ती काटकसरीच्या चांगल्या सवयीतून होते. कूलरमध्ये पाण्याची वाफ होते, क्षार मात्र टाकीतच राहतात. आपण रोज वरून नवं पाणी भरतो, त्यातले क्षार आधीच्या क्षारांत मिसळतात. पॅडवर जमणारा पांढरा थर म्हणजे तेच. असं पाणी कुंडीत गेलं की क्षार पानांच्या टोकापर्यंत पोचून तिथे साठतात आणि टोक तपकिरी पडतं. आरओ मशीनच्या नळीतून वाया जाणाऱ्या पाण्याचंही तसंच, कारण गाळून वेगळे केलेले क्षार त्याच पाण्यात असतात. ते फरशी पुसायला वापरा. बोअरचं जड पाणीही शक्यतो टाळा.

नळाचं पाणी रात्रभर बादलीत ठेवलं की झालं, असं बरेच जण सांगतात. त्याने मोकळा क्लोरीन बराचसा उडतो, पण फ्लोराइड आणि क्षार जिथल्या तिथे राहतात. स्पायडर प्लांटला फ्लोराइड विशेष सोसत नाही. घरात एसी असेल तर त्याच्या नळीतून ठिबकणारं पाणी जमवा. ते हवेतल्या बाष्पाचं असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात. मात्र मे महिन्यात आपली हवाच इतकी कोरडी असते की ते फार मिळत नाही.

कुंडीत आधीच साठलेले क्षार काढायचे असतील तर मातीवरचा पांढरा पापुद्रा खरवडून टाका. मग कुंडी मोरीत ठेवून साधं नळाचं पाणी सावकाश, खालच्या भोकातून भरपूर वाहून जाईल इतकं, दोन-तीनदा ओता. जूनमध्ये पाऊस लागला की एखाद्या ढगाळ दिवशी कुंडी बाहेर पावसात ठेवा. माझ्या अनुभवात या झाडाला यापेक्षा मोठं औषध नाही. ऊन निघायच्या आत मात्र परत घरात घ्या.

काकूंची दुसरी चूक 'रोज' या शब्दात होती. बाहेर ४५ अंश असलं की आपल्याला झाडाची दया येते आणि आपण पाणी घालत सुटतो. हे मूळचं आफ्रिकेतलं झाड. कुंडीतून काढून पाहा, मुळं पांढरी, जाडजूड, पाणी साठवणारी असतात. मेळघाटातली सफेद मुसळी याच क्लोरोफायटम वंशातली, तिचे कंद आठवले की सारखेपणा कळतो. अशा मुळांना सतत ओल दिली तर ती कुजतात. पानं पिवळी, लिबलिबीत झाली आणि मातीला वास आला तर पाणी कमी पडतंय असं समजून आणखी ओतू नका. कुजकी मुळं कापून कोरड्या मातीत नव्याने लावा. एरवी बोट दोन पेरं मातीत खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी द्या. थंडीत तर आणखी अंतर ठेवा.

मातीचंही बघा. अंगणातली काळी माती कुंडीत भरू नका. ती ओली असताना चिकट गोळा होते आणि वाळली की भेगा पडून कडेने सुटते, मग वरून दिलेलं पाणी मुळांना न भेटता थेट खाली जातं. साधी माती, कोकोपीट, थोडी जाड वाळू आणि मूठभर गांडूळखत पुरतं. खत जास्त झालं तर पुन्हा क्षारच वाढतात.

जागा निवडताना कुंडी कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, आणि पश्चिमेच्या खिडकीच्या काचेला लावून तर मुळीच नको, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक नऊ दिवसांत, पानं एका दुपारीत करपतात. भरपूर उजेड हवा, ऊन अंगावर नको. अगदी अंधाऱ्या कोपऱ्यात पानांवरचे पांढरे पट्टे फिके पडतात आणि पिल्लं, म्हणजे दांड्याला लोंबणारी छोटी रोपं, येत नाहीत. कोरड्या गरम हवेत पानांवर बारीक ठिपके आणि जाळी दिसली तर तो लाल कोळी. पानं दोन्ही बाजूंनी पाण्याने धुवा, मग कडुनिंबाच्या तेलाची फवारणी संध्याकाळी करा.

पिल्लं तोडायची घाई नको. लोंबणाऱ्या पिल्लाच्या बुडाशी मुळांचे कोंब दिसले की ते आईला जोडलेलंच ठेवून शेजारच्या लहान कुंडीत टेकवा, मुळं धरली की मग दांडा कापा.

जळालेली टोकं परत हिरवी होत नाहीत, म्हणून ती बघून धीर सोडू नका. कात्रीने तिरकी कापा, तपकिरी कड किंचित ठेवून, म्हणजे हिरव्या भागाला नवी जखम होत नाही. पाणी बदलल्याचा गुण आला का, हे मधून निघणाऱ्या नव्या पानावर कळतं. काकूंच्या कुंडीत पाऊस सुरू झाल्यावर तशी चार पानं आली, शेंड्यापर्यंत हिरवी.